अठ्ठ्याहत्तर सालचं सातवं फूल

"शून्य! बायांनो, शून्य पक्कं झालं!"

कोइनानं स्कूटर सभागृहाच्या पायरीपाशी उभी केली म्हणण्यापेक्षा टाकली, आणि एक चप्पल वाटेतच सोडून ती आत धावली. एकसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. पण त्या सकाळी तिला कुणी पाहिलं असतं तर म्हातारीला आज शाळेतून सुट्टी मिळाली की काय, असंच वाटलं असतं.

आत बारा बायका गोल करून बसल्या होत्या. मधोमध पांढरीशुभ्र गोधडी पसरलेली होती आणि बाराही सुया तिच्या अंगावर चालत होत्या. आरडाओरडा ऐकून त्या एकदम थांबल्या.

"नीट सांग, धाप टाकत सांगू नकोस," तेपाएरू आजी म्हणाली. आजीचं वय चौऱ्याऐंशी. गोधडीवरचं एकेक फूल कापायचा मान तिचा, आणि हातात कात्री असली की बेटाच्या राजालाही ती ऐकवायची.

"राजधानीच्या दवाखान्यातून आत्ता फोन आला. गेल्या सालात तिथं बाळंत झालेल्यांत आपल्या बेटाची विशीच्या आतली एकही पोर नाही. इथं तर नव्हतीच. म्हणजे शून्य! जन्मनोंदीच्या वह्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदा!"

तेराईनं बोटातली अंगुस्तानी हवेत उडवली, उठून कमरेला दोन झटके दिले आणि पडलेल्या पुढच्या दाताच्या फटीतून अशी शिट्टी मारली की बाहेरच्या कोंबड्या पळाल्या. तेराई पंचेचाळिशीची, अंगानं भरलेली, तोंडाला कुलूप नसलेली.

"अगं पण पोरी राहिल्यात कुठं बेटावर?" ती खाली बसता बसता म्हणाली. "सगळं बेट न्यूझीलंडला गेलं. झाडच नाही तर आंबे कुठून पडणार!"

"बावीस आहेत," कोइना फणकारली. "तेरा ते एकोणीस वयाच्या बावीस. नावं सांगू? तुझ्या दोघी धरून. पूर्वी शंभरात बारा-बारा पोरींच्या मांडीवर मूल असायचं. आज बावीसात एकही नाही. झाड आहे, बाई, जागेवर आहे. फक्त कच्चे आंबे पाडायचं बंद झालंय."

यावर जो हशा उठला त्यात आजीसुद्धा सामील झाली. फक्त रुताबाई हसल्या नाहीत. त्या पाद्रीबुवांच्या पत्नी आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष. दुपारच्या समारंभासाठी त्यांनी सकाळीच नवाकोरा लाल घेरदार झगा चढवला होता आणि त्याला सुरकुती पडू नये म्हणून चटईवर न बसता खुर्चीवर बसून त्या टाके घालत होत्या.

दोन वाजता विमान येणार होतं. आरोग्य खात्याची माणसं कोइनाच्या निवृत्तीचा सत्कार करणार होती आणि ही गोधडी राजधानीला नेऊन खात्याच्या भिंतीवर लावणार होती. गोधडीची कल्पना कोइनाचीच. दोन वर्षांपूर्वी खात्यानं एक मोठा छापील तक्ता पाठवला होता. कोवळ्या वयातल्या बाळंतपणांचा आकडा सालोसाल कसा खाली येतोय हे त्यावर एका रेघेनं दाखवलं होतं. लोकांनी तक्त्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि पंधरा दिवसांत कुणीतरी त्यात भाजलेला नीरफणस गुंडाळून नेला. तेव्हा कोइना म्हणाली होती, आपल्या माणसांना रेघ कळत नाही, टाका कळतो. सालाची एक पट्टी, चार बोटं रुंद. त्या साली विशीच्या आतल्या जितक्या पोरी बाळंत झाल्या तितकी लाल जास्वंदं तिच्यावर. वरच्या पट्ट्या गच्च फुललेल्या, खाली खाली विरळ होत गेलेल्या, आणि सगळ्यात खालची, गेल्या सालची, आजपासून कोरी.

"कोरी बरी दिसत नाही गं," एक बाई म्हणाली. "एखादं पान तरी घालू."

"पान नाही, काडी नाही," आजी म्हणाली. "त्या कोऱ्या चार बोटांसाठी ह्या बाईनं अडतीस वर्षं तंगडतोड केलीय."

ते खरंच होतं. राजधानीत नर्सिंग शिकून पंचाऐंशी साली कोइना बेटावर परतली तेव्हा दवाखान्याच्या ओसरीवर तिनं पहिल्याच आठवड्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. आत गर्भनिरोधक गोळ्या आणि कंडोमची पाकिटं. कुणी मागायचं नाही, कुणी विचारायचं नाही, हात घालायचा आणि चालू पडायचं. महिन्याभरात रुताबाईंनी तो डबा उचलून समुद्रात भिरकावला आणि रविवारी पाद्रीबुवांनी त्यावर पाऊण तास प्रवचन केलं. सोमवारी ओसरीवर नवा डबा होता. अशी सात डब्यांपर्यंत मजल गेली. आठव्यापाशी रुताबाई दमल्या, म्हणजे निदान कोइनाला तरी तसंच वाटलं होतं. त्या दोघी त्यानंतर एकमेकींशी फक्त चर्चमध्ये आणि गोधडीवर बोलत.

शून्याच्या बातमीनं सगळ्यांच्या अंगात आलं होतं. टाके भराभर पडू लागले आणि तेराईनं एक खेळ काढला. तिनं पंचाण्णवच्या पट्टीवरच्या एका फुलावर बोट ठेवलं.

"हे माझं! सतरा वर्षांची होते मी. ही नर्सबाई माझ्या आईशी ओट्यावर उभी राहून भांडली होती. आई म्हणे, पोर माझ्या नावावर लिही. ही म्हणे, पोर तुमच्या ताटात जेवू दे, वहीत मात्र जिनं कळा दिल्या तिचंच नाव पडेल!"

"आणि पडलं की नाही?" कोइना म्हणाली.

"पडलं ना. आईनं सहा महिने तुला नारळ दिला नाही!"

मग धीर सुटल्यासारख्या सगळ्याच बायका गोधडीवर वाकल्या. हे माझं, ते माझ्या थोरलीचं, हे आमच्या वहिनीचं, त्या साली वादळ आलं होतं बघ, ते मूल वादळातच झालं. जो आकडा कोइनानं आयुष्यभर वहीत लिहून राजधानीला पाठवला, तो आज पहिल्यांदाच माणसांसारखा बोलत होता. कोइनाला भरून आलं. तिनं डोळे पुसले आणि समोर पाहिलं, तर अकाइती हसून हसून लाल झाली होती.

अकाइती तिची धाकटी बहीण. पंचेचाळीस वर्षांची, शाळेत स्वयंपाकीण, दोन मुलांची आई. दोघींत सोळा वर्षांचं अंतर. आईला उतारवयात झालेलं शेंडेफळ, असं सगळ्या कागदांवर लिहिलेलं होतं.

वरच्या पट्ट्यांपर्यंत खेळ आला. अठ्ठ्याहत्तरच्या पट्टीवर सहा फुलं होती. साठीच्या पुढच्या दोन बायकांनी आपापली ओळखली, बाकीच्या चौघींची नावं निघाली, त्यातली एक वारली होती. मग आजीनं झग्याच्या खिशातून एक लाल जास्वंद काढलं आणि गोधडीवर ठेवलं.

"हे एक उरलं," आजी म्हणाली.

"उरलं कसं?" कोइना म्हणाली. "सहाच सांगितली होती मी. वहीत सहाच आहेत."

"सांगितली तू सहा. कापली मी सात." आजीनं कात्री मिटली. "वही परदेशातून छापून आलीय, पोरी. मी इथं जन्मलेय."

बाराच्या बारा सुया थांबल्या. कुणीही कुणाकडे पाहिलं नाही, आणि त्यामुळेच कोइनाला कळलं की इथं बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. अठ्ठ्याहत्तर साली ती सोळा वर्षांची होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या बेटाच्या लेकीबाळींची फुलं जिनं मोजली, तिचं स्वतःचं तेवढं मोजायचं राहिलं होतं. अकाइती मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती. सुईत आधीच दोरा होता.

कोइनानं ते फूल उचललं. "पाणी पिऊन येते," असं म्हणून ती सभागृहाच्या मागं टाकीपाशी गेली आणि सावलीत भिंतीला टेकली.

ह्या बेटावर नातीला किंवा नातवाला मांडीवर घेऊन आजी म्हणते, हे माझं, आणि ते तिचं होतं. जी खाऊ घालते ती आई, इतका साधा हिशेब. त्यात लाज नव्हती, चोरी नव्हती, उलट पहिल्या नातवंडावर आजीचा हक्कच असायचा. कोइनाची आईही तशीच म्हणाली होती, पोर माझी, तू शाळेत जा. तेव्हाच्या नर्सनं वहीत आईच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं, वय एकोणचाळीस. रकाना एकच होता. पोरीचा बाप कामासाठी न्यूझीलंडला गेला तो तिकडचाच झाला. आणि कोइना खरंच शाळेत गेली, शिकली, नर्स झाली. पहिल्या पगारात तिनं दुधाच्या पावडरीचा डबा आणला होता. तो तिच्या हातातून घेत आई म्हणाली, "आण इकडं. तिला मी भरवते." त्या दिवसापासून घरात अकाइतीचं ताट आईनंच वाढलं. बहिणी शेजारी शेजारी बसून जेवायच्या, पण वाढायचं ते आईनं. आई गेली त्या दिवशीसुद्धा तिनं कोइनाचं मनगट धरून शब्द घेतला होता, मी मेले तरी तिची आई मीच. कोइनानं तो दिला आणि पाळला.

आता दोन वाजता ह्या गोधडीसमोर उभं राहून ती म्हणणार होती की हा आमचा खरा आकडा. तिच्या मुठीत ते फूल असताना तो खरा कसा असेल? आणि ते फूल लावलं, तर आज संध्याकाळी अकाइती तिच्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहील? तिनं मूठ आणखी आवळली. 

"ताई."

अकाइती कोपऱ्यावर उभी होती. तिच्या तोंडात दोऱ्याचा तुकडा होता.

"फूल दे ना इकडं. पट्टीवर जागा ठेवलीय मी. गेल्या मंगळवारपासून ठेवलीय, बघितलं नाहीस तू."

 कोइना म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"तेराईनं. चौथीत होतो आम्ही. आंब्यावरून भांडण झालं, तर म्हणाली, तुझी आई तुझी बहीण आहे. मी तिचा दात पाडला."

"तो दात तू पाडलास? तिनं तर सगळ्यांना सांगितलंय नारळ फोडताना पडला!"

"नारळ!" अकाइती खुदकन हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "रडत घरी गेले आणि आईला विचारलं. आई म्हणाली, जेवलीस का? मी म्हटलं, नाही. तिनं ताट वाढलं. मी जेवले. मला वाटतं, तेच उत्तर होतं. दुसरं तिनं कधी दिलं नाही, मीही कधी मागितलं नाही."

"आणि मला का नाही विचारलंस? इतकी वर्षं?"

"वाट पाहिली. खोटं कशाला बोलू? एकविसाव्या वाढदिवसाला पाहिली, लग्नात पाहिली. तू येऊन म्हणायचीस, ब्लडप्रेशर तपासलंस का? मग माझीच पोरं झाली आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेले."

"आईला शब्द दिला होता गं."

"आई गेली त्याला अकरा वर्षं झाली, ताई. आणि तू काही बोलूही नकोस. टाका मी घालते."

तिनं हात पुढं केला. कोइनानं मूठ उघडली. फूल घामानं ओलं झालं होतं.

दोघी आत आल्या तेव्हा सगळ्या बायका फारच मन लावून शिवत होत्या. अकाइती आपल्या जागी बसली, अठ्ठ्याहत्तरची पट्टी गुडघ्यावर ओढली आणि सर्वांसमोर सातवं फूल टाचू लागली. 

"पंचाहत्तर साल," खुर्चीवरून आवाज आला. "तिथं एक कमी आहे."

सगळ्यांनी वर पाहिलं. रुताबाई सुई हातात धरून ताठ बसल्या होत्या.

"अठरा वर्षांची होते मी. पाद्रीबुवा तेव्हा माझ्या आयुष्यात नव्हते, तेव्हा त्यांच्याकडे कुणी तसल्या नजरेनं पाहू नका. माझा धाकटा भाऊ म्हणून ज्याला तुम्ही ओळखता, तो इओआने. त्याला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. वहीला तेवढं ठाऊक नाही."

"बाई, तुम्ही तर म्हणत होता झाकली मूठ सव्वा लाखाची!" तेराईच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणत होते. पन्नास वर्षं मूठ झाकून हात आखडला माझा." मग त्या कोइनाकडे वळल्या. "आठवा डबा मी का नाही फेकला, माहितीये? फेकायलाच आले होते. आत हात घालून बसलेली एक पोर दिसली. माझ्याच वयाची, म्हणजे माझ्या तेव्हाच्या. मला बघून तिनं डोळे मिटून घेतले. मी डबा होता तिथंच ठेवला आणि घरी गेले. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

कोइना उठली आणि त्या नव्याकोऱ्या झग्याची पर्वा न करता रुताबाईंच्या गळ्यात पडली. सात डबे समुद्रात गेले होते, ते जणू आज परत आले.

मग काय विचारता! शहात्तरमध्ये दोन घाला. ऐंशीमध्ये माझ्या बहिणीचं घाला, ती न्यूझीलंडहून फोनवर हो म्हणाली. अठ्ठ्याहत्तरमध्ये अजून दोन. सगळी लपलेली फुलं वरच्या पट्ट्यांवरची, कोइना नर्स व्हायच्या आधीची. तेरा झाली.

"थांबा, थांबा," तेराई म्हणाली. "वरचे आकडे असे निघाले, तर खालचं शून्य तरी खरं कशावरून?"

 कोइना कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिचा आवाज चढला.

"पंचाऐंशीपासून पुढं माझं अक्षर आहे! एका आजीचं ऐकलं नाही मी. तुझ्या आईनं नारळ बंद केले, हिच्या आत्यानं अंगावर कुत्रं सोडलं, पण एक नाव बदललं नाही. का बदललं नाही, ते आज कळलं ना तुम्हाला? गेल्या सालच्या सहाही बाळंतिणींना आठव्या महिन्यात विमानात मी बसवलंय. सगळ्यात धाकटी चोवीस वर्षांची. शून्य खरं आहे. ह्या बेटावर दुसरं काहीही खोटं असेल, ते शून्य खरं आहे!"

"मग कळलं का तुम्हाला?" अकाइती टाका तोडत म्हणाली. "वर तेरा वाढले आणि खाली शून्यच राहिलं. ताईचा डोंगर आपण समजत होतो त्याहून उंच होता. आपण मोजलं त्याहून जास्त उतरलीय ती!"

हे लक्षात येताच बायकांनी एकच गिल्ला केला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी चटईवर हात आपटले. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "लाल कापड संपलं."

पावणेएक वाजला होता. बेटावरच्या एकुलत्या एका दुकानात लाल कापड नव्हतं, निळं होतं. निळं जास्वंद म्हणजे काय, तेपाएरू आजीच्या कात्रीला कलंक. बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. रुताबाई उभ्या राहिल्या, त्यांनी आपल्या झग्याचा घेर दोन्ही हातांनी धरला आणि आजीपुढं पसरला.

"काप."

"गुडघ्यापर्यंत येईल हं," आजी म्हणाली.

"देवानं पाय दिलेत, दिसू देत."

आजीनं चौऱ्याऐंशी वर्षांच्या हातानं एका दमात घेर कापला. तासाभरात बारा बायकांनी अकरा-बारा फुलं टाचली, बोटं टोचून घेतली, एकमेकींना शिव्या घातल्या, आणि शेवटच्या फुलाची शेवटची पाकळी लागत होती तेव्हा माळावरून विमानाची घरघर ऐकू आली.

आरोग्य खात्याबरोबर आकडेवारीची एक तरुण अधिकारी आली होती, मोएरोआ. जाड चष्मा, हातात कागदांची चळत. गळ्यात फुलांच्या पाच माळा पडल्यामुळे तिला खाली वाचता येत नव्हतं. सभागृहात सगळं बेट जमलं होतं. इओआने ढोल बडवत होता. भट्टीतून काढलेलं डुक्कर, तारोचे कंद, नारळाच्या दुधातली अळूची पानं, लिंबात मुरवलेला मासा, असं सगळं लांब टेबलांवर मांडलं होतं, आणि अकाइती कमरेला फडकं खोचून शिवणावरून उठल्या पावली पाहुण्यांना वाढत होती. चार पुरुषांनी गोधडी उंच धरली. लोक पुढं सरकले, आणि मग त्यांना ते दिसलं. वर लाल रान, खाली उतरत उतरत विरळ झालेली फुलं, आणि तळाशी कोरं पांढरं. ज्याला तक्ता कळला नव्हता त्यालाही ते कळलं. ढोल आपोआप थांबला आणि मग दुप्पट जोरानं सुरू झाला.

मोएरोआ मात्र कागदावर बोट ठेवून पुटपुटत होती. ती संकोचून म्हणाली, "नर्सबाई, काहीतरी चुकलंय. अठ्ठ्याहत्तर साली आमच्याकडे सहा आहेत. इथं नऊ दिसतात. वरचे बरेच आकडे जुळत नाहीत."

कोइनाला खुर्चीत बसूनही उत्तर देता आलं असतं. ती उठली. सगळं बेट समोर होतं.

"तुमच्या कागदावर सहा आहेत, कारण तेव्हा आजीचं नाव आईच्या रकान्यात लिहायचे. नऊ खरे आहेत. त्यातलं सातवं माझं आहे. मी सोळा वर्षांची होते." तिनं एक श्वास घेतला. "माझी मुलगी तिथं पंगतीला वाढतेय."

लोक गप्प होते, पण आश्चर्यानं नव्हे. एखादं ओझं कुणीतरी अखेर खाली ठेवलं की बघणारे जसे सुटकेनं गप्प होतात, तसे. मोएरोआनं चष्मा काढून पुसला आणि ती एकदम हरखली.

"म्हणजे घट आम्ही धरली होती त्याहून मोठी आहे! बाई, तुम्हाला कल्पना आहे का, हे केवढं..." तिनं कागद चाळले. "पण मला पुरावा लागेल."

"पुरावा?" तेपाएरू आजी म्हणाली. "एक पुरावा ढोलापाशी उभाय, दुसरा तुझ्या ताटात मासा वाढतोय. आणखी किती हवेत?"

सगळे हसले, मोएरोआही हसली. मग ती अकाइतीला अदबीनं म्हणाली, "नोंद दुरुस्त करता येईल. एक अर्ज भरून द्या. आईच्या रकान्यातलं नाव बदलून मिळेल."

अकाइतीच्या हातात माशाचं मोठं भांडं होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं, फडक्याला हात पुसले आणि क्षणभर गोधडीकडे पाहिलं.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "त्या बाईनं मला खाऊ घातलंय. तिचं नाव काढणार नाही मी. फूल तेवढं मोजा."

"तसं लिहिता येईल," मोएरोआ हळूच म्हणाली आणि तिनं तसं लिहिलं.

कोइना हसली. तिला वाईट वाटलं का? वाटलं. सुईच्या टोकाएवढं वाटलं, आणि ते नेमकं जिथं लागायचं तिथंच लागलं. पण अकाइती बरोबर होती, तिच्या जागी कोइनानंही तेच केलं असतं. ढोल पुन्हा सुरू झाले. भाषणं झाली, माळा झाल्या, रुताबाईंनी उघड्या गुडघ्यांनिशी प्रार्थना म्हटली. खात्याचे साहेब कोइनाच्या अडतीस वर्षांच्या सेवेबद्दल बोलायला उभे राहिले. पण त्यांच्या खांद्यावरून कोइनाला दिसत होतं की सगळी पंगत बसली, सगळ्यांची ताटं भरली, आणि अकाइती भिंतीला टेकून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतेय.

साहेबांचं वाक्य अर्ध्यावर असताना सत्कारमूर्ती खुर्चीतून उठली. तिनं टेबलावरचं एक रिकामं ताट घेतलं आणि गळ्यातल्या माळा सावरत ती भिंतीपाशी गेली.  मग तिनं विचारलं, "जेवलीस का?"

अकाइतीनं तिच्याकडे पाहिलं. मागं साहेब बोलत होते, कुणीतरी त्यांना गप्प बसवलं. अकाइतीनं कमरेचं फडकं सोडलं, भिंतीलगतच्या चटईवर मांडी घातली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नाही," ती म्हणाली. "वाढ."

कोइनानं आधी तारो वाढला.